देवचार, सैन्य आणि अधिकार

'क्रिस्तपुराणा'विषयी मराठी समीक्षकाला सामान्यतः तीन गोष्टी ठाऊक असतात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट होते. परकी असून त्यांनी मराठीची स्तुती केली. आणि त्यांची ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची आहे. एवढे सांगून झाले की ग्रंथ मिटतो. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या, जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या रचनेतून भाषास्तुतीच्या मोजक्या ओव्या पाठ्यपुस्तकांनी आणि भाषादिनाच्या व्याख्यात्यांनी उचलल्या, आणि उरलेल्या साडेदहा हजारांहून अधिक ओव्यांत कवी काय म्हणतो आहे याची चौकशी करण्याचे कारण कोणाला पडले नाही. ग्रंथ दुर्मिळ होता ही सबब चालण्यासारखी नाही. १९०७ साली मंगळुराहून साल्ढाणा यांची रोमन लिपीतील आवृत्ती निघाली, १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला, त्यानंतरही संपादने झाली. म्हणजे ग्रंथ उपलब्ध होता. तो वाचण्याची तयारी नव्हती.

ही टाळाटाळ अपघाती आहे असे मला वाटत नाही. ख्रिस्ती साहित्याकडे पाहताना मराठी समीक्षा एक अलिखित अट घालते: तुमची भाषा आम्ही घेऊ, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे आपण मनापासून कौतुक करतो, पण रेव्हरंड टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' ज्या चिकाटीने त्यांनी पूर्ण केले त्याचा उल्लेख पतिनिष्ठेचे उदाहरण म्हणून होतो, काव्यविषयाचा विचार म्हणून होत नाही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा विरोधकांनी त्यांना धर्मप्रचारक ठरविले आणि समर्थकांनी लगबगीने ते पर्यावरणाचे कार्यकर्ते आहेत, संतसाहित्याचे अभ्यासक आहेत, असा बचाव केला. संपूर्ण बायबल मराठीत आणणारा हा धर्मगुरू त्या बायबलातील कोणत्या गोष्टी खऱ्या मानतो, हा प्रश्न दोन्ही बाजूंना गैरसोयीचा होता.

यावर उत्तर तयार असते: समीक्षक हा काही धर्मशास्त्री नव्हे. मान्य. परंतु ग्रंथात जे प्रतिपादन आहे ते मान्य करणे वेगळे आणि ते आहे असे दिसणे वेगळे. शुभवर्तमानांचे आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक ख्रिस्तकाव्याचे मध्यवर्ती प्रतिपादन असे आहे की, भूतबाधा, व्याधी, पाप आणि मृत्यू यांच्यावर हुकूमत चालविणारी एक सत्ता आहे आणि ती नाझरेथच्या एका सुताराच्या ठिकाणी प्रकट झाली. हे प्रतिपादन वगळून उरते ती नीतिकथा. महिपतीच्या 'भक्तविजया'तील चमत्कारांना 'भाविकांची भर' म्हणून कंसात टाकायची सवय आपल्याला आधीपासून होतीच. ख्रिस्ती ग्रंथांना तीच शिस्त लावली गेली. फरक एवढाच की संतचरित्रातून चमत्कार काढल्यावर मागे अभंग उरतात. मार्कच्या शुभवर्तमानातून चमत्कार काढले तर दुःखभोगाच्या आधीचा निम्मा-शिम्मा मजकूरच नाहीसा होतो.

त्यातही मार्कला अद्भुताचे विशेष कौतुक नाही, हे सावकाश वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. कफर्णहूमच्या सभास्थानात येशूची पहिली जाहीर कृती अशुद्ध आत्म्याला हाकलून देण्याची आहे, आणि लोक थक्क होतात ते शक्तीपेक्षा अधिकाराने. मूळ ग्रीक शब्द 'एक्झुसिया'. मराठी भाषांतरांत त्याला 'अधिकार' हा शब्द आला. या शब्दाने मराठी वाचकापुढे जे दार उघडते ते ग्रीक वाचकापुढे कधीच उघडले नसते. आपल्याकडे अधिकार म्हणजे नुसती सत्ता नव्हे. कोणत्या विद्येला कोण पात्र, वेद कोणी म्हणावा, ज्ञान कोणी सांगावे, या शेकडो वर्षांच्या भांडणाचा हा शब्द आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची जी कथा परंपरेने जपली, ती अधिकाराच्याच प्रश्नाची कथा आहे. म्हणून 'हे तू कोणत्या अधिकाराने करतोस?' अशा अर्थाची येशूला केलेली पृच्छा मराठीत वाचली की तिला रामेश्वर भटांचा स्वर येतो. शुभवर्तमानाचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. छप्पर उकरून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या प्रसंगी शास्त्र्यांचा आक्षेप क्षमेच्या अधिकाराला आहे. आणि त्याचे उत्तर वादाने किंवा वंशावळीने दिले जात नाही, पडलेला माणूस आपली बाज उचलून चालू लागतो एवढेच दिले जाते. अधिकाराची कसोटी पीडिताच्या शरीरावर लागते. अधिकारभेदाच्या चर्चेत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या देशीवादी आणि विद्रोही अशा दोन्ही समीक्षकांनी या उताऱ्याकडे वळून पाहू नये, याचे मला खरोखर नवल वाटते.

आता मार्कच्या पाचव्या अध्यायातील गेरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त घ्या. पाश्चात्त्य सिद्धान्तकारांनी या वीस ओळींवर इतके लिहिले आहे की आमच्याकडे त्यांचे नाव घेऊन भागते. संरचनावादाच्या भरात, १९७१ च्या सुमारास, जाँ स्तारोबिन्स्की यांनी या कथेतील एकवचन आणि अनेकवचन, अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ, वर आणि खाली या विरोधांची मांडणी केली. रने जिरार यांनी १९८२ च्या आपल्या बळीच्या बकऱ्याविषयीच्या ग्रंथात कड्यावरून कोसळणारे डुकरांचे कळप म्हणजे उलटी झालेली सामूहिक हत्या असे दाखविले: एरवी जमाव एकाला कड्यावरून लोटतो, येथे जमावच कोसळतो आणि एक वाचतो. तिसरे वाचन राजकीय आहे. भुताने सांगितलेले नाव 'लेगिऑन' हा लॅटिन शब्द आहे, पाच-सहा हजार शिपायांच्या रोमन पथकाचे ते नाव. त्या प्रदेशात पुढे तळ देऊन राहिलेल्या दहाव्या पथकाच्या चिन्हांत रानडुक्कर होते. फ्रान्झ फानों यांनी १९६१ साली वसाहतीतील मनोविकारांविषयी जे लिहिले त्याच्या प्रकाशात, जित समाजाने दडपलेला आक्रोश या एका माणसाच्या अंगात आला आहे, असे पुढच्या काही अभ्यासकांना दिसले. प्रचलित मराठी बायबलात त्या नावाचे 'सैन्य' झाले आणि रोमचा वास उडून गेला. कोणत्याही भाषांतरात असे थोडेबहुत होतेच, पण आमच्या एकाही समीक्षकाने ते नोंदवू नये?

ही तिन्ही वाचने बुद्धिमान आहेत. राजकीय वाचनाशिवाय ही कथा आता मला वाचताच येत नाही. तरीही तिघांचा एक समान दोष आहे: माणसाची त्यांना घाई आहे. थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा हा मनुष्य स्तारोबिन्स्कींना व्याकरण देतो, जिरारना सिद्धान्त देतो, वसाहतवादाच्या अभ्यासकांना साम्राज्य देतो. मार्क मात्र डुकरे बुडाल्यावर थांबत नाही. तो सांगतो की तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला लोकांनी पाहिला आणि ते भ्याले. तो ओरडत होता तोवर ते भ्याल्याचे मार्क सांगत नाही. तोवर त्यांच्याजवळ साखळ्या होत्या. बरा झालेला माणूस होडीत बसून बरोबर येऊ मागतो, तर त्याला नकार मिळतो. घरी, स्वतःच्या लोकांत जा, असे सांगितले जाते. ज्यांनी बांधले त्यांच्यातच जायचे. अनुयायांची भरती करणाऱ्या पंथाच्या कथेत हा शेवट बसत नाही, आणि कोणत्याही रूपकातही तो नीट बसत नाही. दैवी अधिकाराची कल्पना येथे भूत घालविण्यावर संपत नाही. माणूस त्याच्या नावागावाला परत देण्यापर्यंत ती जाते.

रूपकाचा मोह आमच्याकडे अधिक सभ्य स्वरूपात आढळतो. आंधळेपणा म्हणजे अज्ञान, कुष्ठ म्हणजे पाप, भूत म्हणजे विकार. असा अर्थ लावला की ग्रंथ सुसंस्कृत वाचकाला पचतो आणि विवेकवादी मित्रांपुढे खाली पाहावे लागत नाही. जर्मनीत रुडोल्फ बुल्टमान यांनी १९४१ साली हाच प्रश्न प्रामाणिकपणे मांडला होता: विजेचे दिवे आणि आधुनिक औषधे वापरणाऱ्याने नव्या करारातील भुतांचे जग जसेच्या तसे कसे स्वीकारावे? त्यांचे उत्तर मला पटत नाही, परंतु त्यांनी प्रश्नाची किंमत मोजली. आमचे रूपकवादी ती मोजत नाहीत. सुसान सोंटॅग यांनी १९७८ साली दाखवून दिले की रोगाचे रूपक झाले की त्याचा भार रुग्णावर पडतो. क्षयाला हळवेपणा आणि कर्करोगाला दडपलेल्या भावना चिकटविल्या जातात. 'कुष्ठ म्हणजे पाप' हे समीकरण लिहिताना कुष्ठाश्रमात कोणी तरी ते वाचील, असे आमच्या समीक्षकाच्या मनात येत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य नेमके तेच विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? पूर्वकर्माच्या हिशेबात मुरलेल्या मराठी मनाला हा प्रश्न अगदी घरचा वाटावा. येशू तो प्रश्नच नाकारतो. योहान पुढे आंधळेपणाचे रूपक करतो हे खरे, पण ते डोळसांवर उलटवतो. आणि अध्यायाचा बहुतेक भाग बऱ्या झालेल्या माणसाच्या उलटतपासणीचा आहे, ज्यात तो विद्वानांना आपल्या एका अनुभवाव्यतिरिक्त काहीही द्यायला तयार नाही. याच योहानाच्या पाचव्या अध्यायात पापाचा इशारा दिलेला आहे, तोही लपविण्याचे कारण नाही. संहिता एकसुरी नाही, आणि तिला एकसुरी करणाऱ्यांशीच माझे भांडण आहे.

त्यांत आरोग्यसभांचे प्रचारकही आले. विश्वास असेल तर रोग जाईल, गेला नाही तर विश्वास कमी पडला, हे त्यांचे गणित रूपकवाद्यांच्या समीकरणाचे सख्खे भावंड आहे. दोन्हीकडे दोष रुग्णाचाच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि उपचारांना केला जाणारा अडथळा गुन्हा ठरविला, याचे कोणत्याही श्रद्धावंताने स्वागतच करावे. पण कायदा जेथे थांबतो तेथून वाचन सुरू होते. या प्रचारकांना त्यांच्याच पुस्तकातून उत्तर देता येते आणि ते देण्याचे काम समीक्षेचे होते. मार्क निःसंकोचपणे लिहितो की नाझरेथात थोड्या रोग्यांना बरे करण्यापलीकडे येशूला काही करता आले नाही. पौल आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी करतो आणि तो निघत नाही. पुनरुत्थानानंतर ज्या देहाला थोमा हात लावू पाहतो त्यावर खिळ्यांचे वण तसेच आहेत. अमेरिकेतील नॅन्सी आइसलँड या जन्मतः अपंगत्व असलेल्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९४ साली याच वणांपासून आपले ईश्वरचिंतन सुरू केले. मृत्यूवर अधिकार चालविणाऱ्याचे शरीर अव्यंग झालेले नाही, ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेतील सर्वांत दाहक कल्पनांपैकी एक आहे, आणि तिच्यावर मराठीत मला एकही धड समीक्षालेख आढळला नाही.

पुन्हा स्टीफन्सकडे येतो, कारण खरी अडचण तेथेच आहे. मार्कच्या कथेत भुतांवर हुकूमत चालविणारा जित लोकांतला आहे. साष्टीत तीच कथा जेत्यांच्या धर्मगुरूने सांगितली. देवळे पाडली गेली होती, १५६० साली इन्क्विझिशन आले होते. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा बदला म्हणून गावच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स यांना गोव्यात येऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला काही द्या, ही श्रोत्याची मागणी त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच गुंफली आहे. त्यांनी वैकुंठ हा शब्द घेतला आणि स्वर्गाला दिला. सैतानाला मात्र देवचार हे नाव मिळाले, आणि कोकणी ख्रिस्ती धर्मभाषेत ते आजतागायत टिकून आहे. त्याच गोव्यातील हिंदू गावांत देवचार हा वेशीचा राखणदार आहे. रात्री हातात काठी घेऊन तो गावाभोवती फिरतो आणि लोक त्याला रोट ठेवतात. राखणदाराचे भूत झाले आणि ते काढण्याचा अधिकार किल्ल्याच्या बाजूने आला. तरीही ऐकणाऱ्यांनी ती ओवी आपली मानली, गायिली, हाताने उतरवून ठेवली. छापील आद्य आवृत्त्यांची एकही प्रत हाती नसताना ग्रंथ वाचला तो त्यांच्यामुळे. त्यांना त्यात काय मिळाले असेल? मुलाच्या तापात, बाईच्या वेडात, दुष्काळात त्यांनी ज्याचे नाव घेतले तो गव्हर्नराचा देव होता की गेरसेकरांच्या थडग्यांत उतरलेला? गेरसेकरांनी येशूला आमच्या हद्दीतून निघून जा अशी विनंती केली आणि तो निघून गेला. साष्टीच्या गावकऱ्यांना ती मुभा नव्हती. या दोन प्रसंगांमधले अंतर मोजायचे तर भाषास्तुतीच्या ओव्या बाजूला ठेवून दुसऱ्या पुराणातील रोगनिवारणाची आणि भूत काढण्याची प्रकरणे ओवी-ओवीने वाचावी लागतील, मूळ संहितेशी ताडून, कुठला शब्द कोठून उचलला आहे हे पाहत. ते काम चारशे वर्षे पडून आहे.