चढावर हवा काचेकडे का पळते?

अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड पिकअप ट्रकांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: सपाट रस्त्यावर एसीची हवा तोंडावर येते, चढ लागला की समोरच्या काचेकडे वळते. हवा गारच असते, तरी काही गॅरेजांत आधी गॅस भरला जातो. हा मालकाच्या खिशावरचा उघड अन्याय आहे.

या गाड्यांत डॅशबोर्डमागच्या झडपा व्हॅक्यूमवर हलतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो. तेवढा वेळ राखीव टाकी आणि चेक व्हॉल्व्ह तो टिकवून धरतात. नळी तडकली किंवा व्हॉल्व्ह निकामी झाला, की झडपा काचेकडे वळतात. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण बिघाडातही काच बाष्पाने धूसर होता कामा नये.

१९९९ पासूनच्या काही फोर-व्हील ड्राइव्ह सुपर ड्यूटी ट्रकांत पुढच्या चाकांचे हबही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. गळती तिथे असेल, तर डॅशबोर्ड उघडून ती कशी सापडणार? व्हॅक्यूमचा हातपंप लावून नळीचा एकेक फाटा तपासावा. पंपावरच्या गेजचा काटा जिथे घसरतो, तिथे गळती. ही तपासणी झाल्याशिवाय मालकाने एकही भाग बदलू देऊ नये.