अब्रू संस्थेची की लेकरांची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत, बालवर्गात शिकणाऱ्या दोन चिमुरड्या मुलींवर तेथेच सफाईचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले आणि अवघा महाराष्ट्र हादरून गेला. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात लोहमार्गावर ठाण मांडले आणि मध्य रेल्वेची वाहतूक कित्येक तास रोखून धरली. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला आणि सार्वजनिक चर्चेचा सारा ओघ त्या चकमकीकडे वळला. कोणी पेढे वाटले, कोणी शंका उपस्थित केल्या. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

तो प्रश्न साधा आहे. चार वर्षांचे मूल शाळेत स्वच्छतागृहाकडे जाते, तेव्हा ते कोणाच्या देखरेखीखाली जाते? ज्या माणसाच्या हाती ते सोपवले जाते, त्याची नेमणूक कोणी केली आणि त्याची पूर्वपीठिका कोणी तपासली? त्या मुलाने घरी येऊन काही सांगितले, तर पालकांनी कोणाकडे जावे आणि शाळेने त्या क्षणी काय करावे? आरोपीला फाशी द्या, अशी मागणी करणाऱ्या हजारो कंठांतून हे प्रश्न क्वचितच उमटले. आरोपीच्या मृत्यूमुळे त्याच्यापुरता खटला संपला; परंतु या प्रश्नांची उत्तरे जिच्याकडून मिळायची, ती व्यवस्था प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत तशीच उभी आहे.

कायद्याची उणीव नाही

अशा वेळी कायदे कठोर नाहीत, असा आक्रोश नेहमी होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशात लागू आहे. अपराधी शिक्षणसंस्थेचा कर्मचारी वा व्यवस्थापनातील व्यक्ती असेल, तर हा कायदा तो अपराध अधिक गंभीर मानतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वाधिक गंभीर प्रकारांसाठी मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवावा. त्याला वारंवार न्यायालयात बोलावू नये. शक्यतो एका वर्षात खटला निकाली काढावा, असे हा कायदा सांगतो. २०२० च्या नियमांनुसार तर बालकांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळेने आणि पाळणाघरानेही, आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे. त्यात शिक्षक आणि शिक्षकेतर, कायम आणि कंत्राटी असा भेद नाही.

बदलापुरातील आरोपी कंत्राटी कर्मचारी होता. त्याची आवश्यक ती पडताळणी झाली नव्हती आणि मुलींच्या स्वच्छतागृहाशी संबंधित कामावर स्त्री सेविका नव्हती. नियम अस्तित्वात होता, तो पाळला गेला नाही. घटनेनंतर शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय काढून शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवण्यास, पडताळणी करण्यास, तक्रारपेटी ठेवण्यास आणि कोणतीही अनुचित घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगितले. प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती असावी, हा आदेश तर २०२२ चाच होता. उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशी समोर आल्यावर मे २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने आणखी एक विस्तृत निर्णय काढला. कागदांची उणीव महाराष्ट्रात कधीच नव्हती. ते फलकावर लावायचे, तपासणीच्या दिवशी दाखवायचे आणि पुन्हा फाइलीत ठेवायचे, ही रीत मात्र जुनी आहे.

मौनाचे मूळ

या कायद्याची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद म्हणजे त्याचे १९ वे कलम. बालकावर असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला दिसते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. मुख्याध्यापकाने आधी चौकशी करून खात्री करावी, विश्वस्तांची बैठक बोलवावी, पालकांची समजूत घालावी, अशी मुभा हे कलम कोणालाही देत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला, तो याच तरतुदींच्या आधारे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहातील वनवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्याविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. माहिती असताना मौन पाळणे हा गंभीर अपराध आहे आणि अनेकदा ते अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे बजावले.

असे असताना शाळा गप्प का राहतात? सारेच संस्थाचालक दुष्ट असतात, असे मुळीच नाही. महाराष्ट्रातील असंख्य शाळा त्यागी माणसांनी पदरमोड करून, झोळी फिरवून उभ्या केल्या. पन्नास-साठ वर्षांच्या श्रमांतून मिळवलेले नाव एका बातमीने धुळीस मिळेल, या भीतीने भला माणूसही दडपून जातो. 'आधी आत मिटवू, मग बघू' हा विचार येथूनच सुरू होतो. मग त्या कर्मचाऱ्याला गुपचूप काढून टाकले जाते आणि तो दुसऱ्या गावच्या शाळेत कामाला लागतो. पालकांना 'मुलीच्या भवितव्याचा विचार करा' असे सांगितले जाते आणि अब्रूच्या धाकाने तेही गप्प बसतात. ज्या संस्थेने हे केले, तिने आपले नाव राखले नाही. पुढच्या गावातील कुणा अजाण लेकराच्या जिवावर ते काही काळ तारण ठेवले, इतकेच.

याला आणखी एक जोड असते. घटना घडली की आरोपीची जात, धर्म, पक्ष कोणता आणि संस्था कोणत्या विचारांची, याचा शोध आधी सुरू होतो. ती विरोधी विचारांची असेल तर आवाज चढतो आणि आपल्या वर्तुळातील असेल तर खाली येतो. बालकाच्या वेदनेला विचारधारा नसते. समाजजीवनात चारित्र्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा आग्रह प्रथम आपल्याच संस्थांच्या दाराशी धरला पाहिजे. परक्याच्या दोषाकडे बोट दाखवण्याचा अधिकार त्यानंतर येतो.

आज्ञापालन आणि नकार

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ५३ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक बालकाच्या ओळखीचे वा विश्वासाच्या नात्यातील होते. बहुसंख्य बालकांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. 'मुलीचीच काळजी करायची, मुलग्याला काय होते?' ही समजूत आणि 'अनोळखी माणसापासून सावध राहा' एवढाच उपदेश, या दोन्हींचा फोलपणा या आकड्यांतून दिसतो.

मुले सांगत नाहीत, कारण त्यांच्यापाशी त्यासाठी शब्दच नसतात. शरीराच्या अवयवांची नावे घरात उच्चारली जात नाहीत. नाक, कान, डोळे शिकवणारी आई पुढे थबकते. दुसरे कारण अधिक खोल आहे. मोठ्यांचे ऐकावे, उलटून बोलू नये, गुरुजनांना नमस्कार करावा, हे संस्कार मोलाचेच आहेत. परंतु जो मोठा आपल्या मोठेपणाचा गैरवापर करतो, तो या संस्कारांचाच आधार घेतो. मुलाला तो सांगतो, 'मी सांगतो ते ऐकायचे, आणि घरी सांगायचे नाही.' म्हणून आदर शिकवतानाच नकारही शिकवावा लागेल. तुझे शरीर तुझे आहे; नको असलेल्या स्पर्शाला, तो शिक्षकाचा असो, काकांचा असो वा रिक्षावाल्या मामांचा, 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा नव्हे; आईबाबांपासून लपवायला सांगितलेली गोष्ट आधी आईबाबांनाच सांगायची, हे चार वर्षांच्या मुलालाही समजते. आज्ञा विवेकाने पाळायची असते, ही शिकवण परंपरेला परकी नाही. पित्याची अधर्माची आज्ञा नाकारणारा प्रल्हाद बालकच होता आणि त्याची कथा घराघरांत सांगितली जाते.

मुलाने काही सांगितलेच, तर त्याच्यावर विश्वास ठेवणे ही पालकांची पहिली जबाबदारी. शाळेत जाण्यास अचानक नकार, एखाद्या व्यक्तीचे नाव काढताच भेदरणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होणे, लघवीच्या जागी दुखणे, या खुणांमागे दर वेळी अत्याचारच असतो असे नाही; पण त्या हसण्यावारी नेण्यासारख्या निश्चितच नाहीत.

रोजच्या व्यवहाराची शिस्त

कॅमेरे हवेत, पण कॅमेरा घडून गेलेले दाखवतो आणि तोही चालू असेल, त्याचे चित्रण जपले असेल तरच. स्वच्छतागृहाच्या आत तर तो बसवताच येत नाही. बालकाचे खरे संरक्षण माणसांच्या शिस्तीतून होते. लहान वर्गांच्या मुलांना स्वच्छतागृहात नेण्यासाठी विश्वासू स्त्री सेविका, मुला-मुलींसाठी स्वतंत्र आणि वर्दळीच्या ठिकाणी असलेली स्वच्छतागृहे, कोणाही प्रौढ व्यक्तीने एकट्या मुलासोबत बंद खोलीत न थांबण्याचा नियम, शाळेच्या बस आणि व्हॅनचालकांची पडताळणी, दर आठवड्याला पालक प्रतिनिधीसमोर उघडली जाणारी तक्रारपेटी, आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक वर्गावर्गांत ठळकपणे लावणे, यांसाठी फार मोठा पैसा लागत नाही. सेविकेचा पगार कंत्राटदारावर सोपवून वाचवलेली रक्कम मात्र फार महाग पडू शकते.

अशा नियमांनी शिक्षकांवर अविश्वास व्यक्त होतो, अशी तक्रार काही जण करतात. ती तपासून पाहिली पाहिजे, कारण खोट्या आरोपाने एखाद्या सज्जन शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होणे हीदेखील शोकांतिकाच आहे. द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला पॉक्सो कायद्यातही शिक्षा आहे. पण जेथे सारे व्यवहार उघड्यावर आणि नियमाने चालतात, तेथे निर्दोष शिक्षकाच्या बाजूने साक्ष द्यायलाही माणसे असतात. पारदर्शकता मुलाचे रक्षण करते आणि शिक्षकाच्या प्रतिष्ठेचेही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पालकसभेत गणवेश आणि वह्यांच्या दरांइतकाच वेळ या विषयाला मिळाला पाहिजे. प्रत्येक पालकाने मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारावेत: येथील सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली आहे काय, आणि एखाद्या मुलाने तक्रार केली तर त्याच दिवशी शाळा पोलिसांकडे जाईल काय? संस्थाचालकांनी या प्रश्नांनी दुखावून न जाता लेखी उत्तर द्यावे आणि ते शाळेच्या दाराशी लावावे. ज्या शाळेने आपल्याच घरातील अपराधी स्वतःच्या हाताने कायद्याच्या स्वाधीन केला, त्या शाळेत आपले मूल पाठवण्यास समाज कचरणार नाही. उलट निर्धास्तपणे पाठवेल. पूर्वसूरींनी कष्टाने मिळवलेली अब्रू टिकवण्याचा याहून दुसरा मार्ग नाही.