टॉवर नको, पण रेंज हवी!

फोन फुल रेंज दाखवतोय, तरी व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय? आपण लगेच कंपनीला शिव्या घालतो. पण आधी बघा, टॉवर आहे कुठे?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. शहरांतलं बरंचसं ५जी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, त्यामुळे एकाच पॅनलमध्ये डझनावारी छोटे अँटेना मावतात. यालाच मॅसिव्ह मायमो म्हणतात. जुना टॉवर हॅलोजनसारखा सगळीकडे सिग्नल फेकायचा. हा टॉर्चसारखा वेगवेगळ्या फोनकडे वेगवेगळा झोत टाकतो. म्हणून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेकांना डेटा मिळतो.

पण यात दोन अटी आहेत.

पहिली, फोन वेगवेगळ्या दिशांना दिसले पाहिजेत. टॉवर दोन किलोमीटरवर असेल, तर तुमची अख्खी बिल्डिंग त्याला एका ठिपक्याएवढी. दुसऱ्या आणि दहाव्या मजल्याचे झोत एकमेकांत मिसळतात, मग डेटा पाळीपाळीनेच मिळतो. तोच टॉवर समोरच्या गच्चीवर असेल, तर हे मजले वेगळे दिसतात. रेंज फक्त सिग्नलची ताकद सांगते, तो किती जणांत वाटला जातोय ते नाही.

दुसरी, तुम्ही कुठे आहात हे टॉवरला तुमच्या फोनच्याच सिग्नलवरून कळतं. फोनची ताकद साधारण ०.२ वॅट. अंतर वाढलं किंवा मध्ये काँक्रीट आलं, की झोत अंदाजपंचे पडतो.

आता खरी अडचण. १ जानेवारी २०२५पासून राईट ऑफ वेचे नवे नियम लागू झाले. परवानग्या ऑनलाइन आणि ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात, हा त्यांचा हेतू. पण खासगी गच्चीसाठी सहसा मालकाशीच करार करावा लागतो. म्हणजे निर्णय सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतो, आणि तिथे रेडिएशनच्या भीतीने नकार येतो.

भारताने २०१२मध्ये टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. उलट टॉवर लांब गेला, की फोनला जास्त जोर लावावा लागतो, आणि फोन तर आपल्या कानाला असतो!

डोळे झाकून होकार द्या असं नाही. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट मागा, 'तरंग संचार' पोर्टलवर आसपासचे टॉवर नियमात आहेत का ते तपासा. मग हात वर करा.