गोवराचा दुसरा डोस बुडवू नका!

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस टोचली की अनेक घरांत बाळाचं लसीकरण कार्ड कपाटात जातं. १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा दुसरा डोस ‘राहिला तर राहिला’. ही बेफिकिरी साध्या हिशेबातही टिकत नाही. नवव्या महिन्यातली लस शंभरातल्या साधारण ८५ बाळांना लागू पडते. उरलेल्या १५ जणांच्या रक्तात बहुधा आईकडून आलेली प्रतिपिंडं शिल्लक असतात, ती लशीचं काम होऊ देत नाहीत. ही पंधरा कोणती, हे बाळाकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही. गोवर रोखायला मात्र शंभरातली ९५ मुलं सुरक्षित लागतात, इतका तो झपाट्याने पसरतो. म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या बाळांनी एकच डोस घेतला तरी गाव उघडंच! दरवर्षीच्या जन्मांबरोबर अशा मुलांची भर पडत जाते आणि साथीला सरपण साचतं. २०२२मध्ये मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात ते पेटलं आणि मुलं दगावली.

मग पहिला डोसच उशिरा का देत नाहीत? कारण गोवर सर्वांत जास्त घात करतो तो तान्ह्यांचा. त्यांना वर्षभर ताटकळत ठेवणं परवडणारं नाही. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर आला, काय बिघडलं?’ असं विचारायला वाचलेलेच उरतात. शिवाय गोवर अंगात पूर्वी तयार झालेली इतर रोगांविरुद्धची ताकदही पुसून टाकतो, म्हणून पुरळ गेल्यावरही कित्येक महिने न्यूमोनिया आणि जुलाबांचा धोका राहतो. लशीनंतर आठवड्याभराने काही मुलांना ताप येतो, हे खरं. तो दोन-तीन दिवसांत उतरतो. लशीमुळे स्वमग्नता येते अशी भीती पसरवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला. व्हॉट्सअ‍ॅपला ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

सगळा दोष आईबापांच्या माथी मारणंही सोयीचंच आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेलं ऊसतोड कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. दुसऱ्या डोसाच्या वेळेतले बरेच महिने फडावर निघून जातात. लसीकरण सत्र भरतं दिवसा, मजुरी बुडवून कोण येणार? तेव्हा आमची आरोग्य खात्याकडे मागणी आहे: कारखान्याच्या तळावर आणि वस्त्यांत संध्याकाळची सत्रं भरवा, आणि कार्ड हरवलं म्हणून कुणालाही परत पाठवू नका. आईबापांनो, तुम्ही आज कार्ड काढून पाहा. वेळ टळली असेल तरी पाच वर्षांपर्यंत हा डोस सरकारी केंद्रात फुकट मिळतो.