विमानाचा तास आणि आपला दिवस

तर मंडळी, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि जो तो आम्हा रायगडकरांचं अभिनंदन करतोय. "विमानतळ तुमच्याच जिल्ह्यात की हो!" आहे खरा, पनवेल तालुक्यात. पण जिल्हा म्हणजे काही अंगण नव्हे!

हिशोब बघा. तिथून सिंधुदुर्गातलं चिपी हवेतून साधारण 335 किलोमीटर. छोट्या एटीआर विमानालाही तास-सव्वा तासाचं काम. आणि मुरूडहून याच विमानतळावर जायचं तर? सरळ रेषेत जेमतेम 75 किलोमीटर. पण मध्ये खाड्या. म्हणून अलिबाग-पेण करत शंभरावर किलोमीटर आणि तीनेक तास. म्हणजे अख्खं कोकण ओलांडायला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ विमानाच्या दारात पोचायला!

रेवस-करंजा पुलाचं अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे 1980-82 पासून ऐकतोय. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, 2025 सरलं तरी संपलं नाही. याच रस्त्यांवरून आपला पेशंटही मुंबईला जातो. त्याला कुठलं विमान?

हे बोललं की लगेच विकासविरोधी ठरवतात. अहो, विमानाला विरोध नाही. अंतर धावपट्टी ते धावपट्टी मोजू नका, उंबरठा ते उंबरठा मोजा, एवढंच म्हणणं. तसं मोजलं असतं तर आधी खाडीवर पूल झाले असते.

असो. तोवर विमानं बघू. खालून.