संख्या वाढली, आता कूळही जपू या

ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील दोन वाघिणींची ओडिशातील सिमिलिपालच्या अरण्यात पाठवणी झाली. एक जमुना, दुसरी झीनत. झीनत नव्या सासरी रमली नाही. गळ्यात रेडिओ पट्टा असलेली ही तरुण वाघीण सिमिलिपालची सीमा ओलांडून झारखंडात गेली, तेथून पश्चिम बंगालमध्ये शिरली. अखेर डिसेंबरच्या शेवटी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पुन्हा सिमिलिपालला आणावे लागले. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी तिच्या भटकंतीची रसभरित वर्णने केली. परंतु विदर्भातील वाघीण मुळात ओडिशाला का धाडावी लागली, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. खरा विचार करण्याजोगा प्रश्न तोच आहे.

सिमिलिपालमध्ये काळे वाघ आढळतात. त्यांच्या अंगावरील पट्टे इतके रुंद आणि दाट असतात की, मूळचा पिवळा रंग जवळजवळ झाकला जातो. पर्यटकाला याचे अप्रूप वाटते. पण बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील डॉ. उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या कौतुकामागची चिंता उघड केली. एका जनुकातील बदलामुळे हा रंग येतो, आणि तो बदल आई व बाप या दोघांकडूनही आला तरच पिल्लू काळे होते. असे वाघ सिमिलिपालमध्ये एक तृतीयांशाहून अधिक असल्याचे या अभ्यासात दिसले. अन्यत्र रानात ते आढळत नाहीत. अर्थ स्पष्ट आहे. इतर अरण्यांपासून तुटलेल्या या मूठभर वाघांची पैदास पिढ्यानपिढ्या आपसातल्या रक्तातच होत आहे. काळा रंग हा स्वतः रोग नव्हे. परंतु ज्या वाटेने हा रंग वर आला, त्याच वाटेने उद्या दुर्बलता आणि वंध्यत्वही येऊ शकते.

आपल्या घरात सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसे आधी गोत्र विचारतात. एकाच कुळात विवाहसंबंध नको, ही समज समाजाच्या अंगवळणी पडलेली आहे. वाघाला मात्र गोत्र कोण विचारणार? पूर्वी ते काम अरण्यच करीत असे. वयात आलेला नर आईचा प्रदेश सोडून दूरच्या रानात जाई आणि नवे रक्त तेथे पोहोचे. आपण महामार्ग, कालवे, खाणी आणि वसाहतींनी त्याची वाट अडवली. आज ते गोत्र प्रयोगशाळेत पाहावे लागत आहे.

एका अरण्यापुरती ही गोष्ट नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून आपण वाघ मोजत आलो. पंजाच्या ठशांवरून मोजण्याची पद्धत रुजवली ती याच सिमिलिपालचे पहिले क्षेत्र संचालक सरोज राज चौधुरी यांनी. त्या काळाच्या साधनांत ती मोलाची होती. पण पुढे कागदावरचे वाघ आणि रानातले वाघ यांचा मेळ बसेना. २००५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि देशाला धक्का बसला. त्यानंतर स्वयंचलित कॅमेरे आले, गणना शास्त्रशुद्ध झाली. २००६ च्या गणनेत १,४११ असलेला अंदाज २०२२ मध्ये ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचे दिसले. हे यश निःसंशय अभिमानास्पद आहे. मात्र संख्या वाढली म्हणजे वंश सुरक्षित झाला, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल.

कॅमेरा वाघ दाखवतो. त्याचे नातेगोते दाखवत नाही. ते डीएनएवरून कळते, आणि त्यासाठी वाघाला पकडावेही लागत नाही. त्याच्या विष्ठेत आतड्याच्या पेशी असतात, गळलेल्या केसांत त्याची ओळख असते. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांच्या विष्ठेचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या अरण्यांना जोडणारे वनपट्टे टिकले तेथे वाघांचे रक्तसंबंधही टिकले, हे त्यातून सिद्ध झाले. आता तर पाणवठ्यातील ओंजळभर पाणी गाळून तेथे कोणते प्राणी येऊन गेले, याचा माग काढता येतो. २००८ मध्ये फ्रान्समधील तळ्यांत परक्या बेडकाचा शोध असाच लागला. २०२२ मध्ये इंग्लंड आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी प्राणिसंग्रहालयाच्या हवेतूनही प्राण्यांचा डीएनए टिपला. अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. प्राणी आला होता हे पाणी सांगते. किती आले, हे खात्रीने सांगत नाही. वाहते पाणी दूरचा डीएनएही घेऊन येते. म्हणून वनरक्षकाच्या पायपिटीला हा पर्याय नव्हे, पूरक आहे.

या विद्येसाठी आपण कोणाच्या दारी जाण्याचे कारण नाही. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी भारतीय डीएनए परीक्षणाचा पाया घातला आणि संकटग्रस्त प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. जप्त केलेले मांस, हाड वा कातडे कोणत्या प्राण्याचे, हे तेथे विकसित झालेल्या पद्धतीने ओळखता येते. 'हे बकऱ्याचे मांस आहे' ही चोरट्या शिकाऱ्याची सबब त्यामुळे न्यायालयात टिकत नाही.

प्रश्न उरतो तो इच्छाशक्तीचा. वाघ गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेणे हा आपद्धर्म आहे, नित्यधर्म नव्हे. झीनतच्या भटकंतीने त्यातील अनिश्चितता दाखवून दिलीच आहे. ताडोबाभोवतीच्या खाणी, रस्ते आणि गावे यांतून वाट काढणारा वाघ रोज माणसाच्या समोर येतो. त्यात शेतकरीही मरतो आणि वाघही. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले आणि वाघ ते वापरू लागले. जे पेंचला जमले ते अन्यत्र का जमू नये? प्रत्येक स्थलांतरापूर्वी जनुकीय तपासणी अनिवार्य व्हावी, आणि वनपट्टा तोडणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी तेथील वन्यजीवांचा जनुकीय अहवाल विचारात घेतला जावा. विकास हवाच, पण रस्ता आखणाऱ्याने वाघाची वाटही नकाशावर आखली पाहिजे.

विज्ञानाने निदान केले आहे. पथ्य आपल्याला पाळायचे आहे. ते पाळले नाही, तर उद्या आपल्याकडे आकडे असतील, पण त्या आकड्यांना वंश पुढे नेण्याचे बळ नसेल.