शंभरावरून शून्यावर

मोटार आणि लढाऊ जेट विमान यांची शर्यत लावायची आणि जगाने ती डोळे विस्फारून बघायची, हा खेळ आता चाळीस वर्षांहून जुना झाला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या चित्रफिती अधूनमधून येत असतात. खाली अंगठे, टाळ्या, "बाप रे!" वगैरे. माझं म्हणणं असं की या शर्यतीत कोण जिंकलं याला फारसा अर्थ नाही, आणि तिच्यातून जो धडा आपण घेतो तो नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून सोडून द्यायचं असेल तर खुशाल द्या. पण आधी हिशेब बघा.

नोव्हेंबर १९८१ मध्ये इटलीतल्या इस्त्राना विमानतळावर जिल व्हिलनव्ह हा फॉर्म्युला वनचा चालक आपली फेरारी घेऊन स्टारफायटर विमानासमोर उभा राहिला. अंतर एक किलोमीटर. मोटार जिंकली. डिसेंबर २००३ मध्ये, पुन्हा इटलीतच, ग्रोसेटो इथे मायकेल शूमाकर विरुद्ध युरोफायटर टायफून. ६०० मीटरला शूमाकर जिंकला, पुढे ९०० आणि १२०० मीटरला विमान जिंकलं. २००७ मध्ये इंग्लंडच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमाने बुगाटी वेरॉन आणि टायफून यांची गाठ घालून दिली. मोटारीने धावपट्टीवर एक मैल जाऊन वळून परत यायचं, विमानाने उड्डाण करून उभं वर चढून परत यायचं. विमान जिंकलं.

आता नीट बघा. ग्रोसेटोला तीच मोटार, तेच विमान, तोच दिवस, तरी विजेता बदलला. कशामुळे? शेवटची रेघ कुठे मारली यामुळे. म्हणजे शर्यत जिंकतो तो रेघ मारणारा! सशाला आणि कासवाला निदान एकच झाड दाखवलं होतं.

यामागचं शास्त्र नववीच्या मुलाला कळेल इतकं सोपं आहे. मोटार रस्त्याला मागे रेटते आणि त्या बळावर पुढे जाते. हे रेटणं टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर अवलंबून. इंजिन कितीही दांडगं असलं तरी टायर घसरला की सगळं व्यर्थ. विमानाची चाकं मात्र बैलगाडीच्या चाकांसारखी, नुसती गडगडणारी. ओढणारा निराळाच. जेट इंजिन हवा मागे फेकतं आणि विमान पुढे जातं, त्याला रस्त्याची पकड लागत नाही. सुरुवातीला हलकी मोटार चटकन सुटते. पण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. इंजिनाची शक्ती तेवढीच राहिली आणि वेग दुप्पट झाला, की पुढे ढकलणारं बल निम्मं होतं. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. जेटचा रेटा मात्र धावपट्टीवरच्या वेगांना फारसा कमी होत नाही. म्हणून आरंभी मोटार पुढे आणि नंतर विमान पुढे, हे ठरलेलंच. स्टारफायटरच्या इंजिनाचा रेटा त्याच्या वजनापेक्षा कमी होता, म्हणून १९८१ मध्ये किलोमीटरभरात त्याला मोटार गाठता आली नाही. हलक्या भाराच्या टायफूनचा रेटा वजनापेक्षा जास्त, म्हणून त्याला ९०० मीटर पुरले. यात चमत्कार नाही आणि शौर्यही नाही, न्यूटनचा दुसरा नियम आहे.

गंमत पुढे आहे. आपण ज्या विमानाने मुलांना भेटायला परदेशी जातो, ते प्रवासी विमान धावपट्टीवर साधारण तीस-पस्तीस सेकंद धावून ताशी २६०-२७० किलोमीटर वेगाने जमीन सोडतं. भागाकार करा. त्वरण येतं दर सेकंदाला सेकंदाला सव्वादोन मीटर. आता बारा सेकंदांत शंभराचा वेग घेणारी घरातली साधी मोटार घ्या. तिचं त्वरण? तेच, सव्वादोनच्या आसपास! म्हणजे जेट विमान आणि बाजारहाट करणारी गाडी यांचं त्वरण जवळजवळ सारखं. फरक इतकाच की विमान ते अर्धा मिनिट टिकवून धरतं. वेग वेगळा आणि त्वरण वेगळं, हे पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत लिहिलेलं असतं. परीक्षेत दोन गुणांसाठी मुलं ते बरोबर लिहितात आणि शाळेच्या फाटकाबाहेर विसरतात.

विसरले तर बिघडलं काय? इथेच माझं खरं भांडण आहे. या गोंधळावर धंदा चालतो. मोटारीच्या जाहिरातीत 'शून्य ते शंभर' हा आकडा असा मिरवतात जसा मुलाचा दहावीचा टक्का. वेरॉनला हे अंतर पार करायला अडीच सेकंद लागत. आज विजेवर चालणाऱ्या काही मोटारी तीन सेकंदांच्या आत ते करतात. गच्चीवरून सोडलेला दगड (गच्ची पुरेशी उंच असेल तर!) २.८ सेकंदांत ताशी शंभराचा वेग घेतो. म्हणजे या मोटारी रस्त्यावर आडव्या 'पडतात'. अशी मोटार कोणाच्या हाती द्यायची, कुठल्या रस्त्यावर, याचा विचार जाहिरातीत नसतो.

आणि विमानाशीच तुलना करायची हौस असेल तर ती पुरती करा ना! प्रत्येक प्रवासी विमानाच्या उड्डाणाआधी एक वेग काढतात, त्याला 'व्ही-वन' म्हणतात. विमानाचं वजन, हवेचं तापमान, वारा, धावपट्टीची लांबी हे सगळं हिशेबात घेऊन तो ठरतो. त्या वेगापर्यंत काही बिघडलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता येतं. तो ओलांडला की थांबायचं नाही, उडायचंच. म्हणजे ज्या यंत्राची वेगासाठी आपण एवढी वाहवा करतो, त्याचा वैमानिक धावण्याआधी विचारतो की थांबता येईल का? आणि कुठपर्यंत? आपण मोटारीत बसताना हा प्रश्न विचारत नाही. त्यात आपल्याला तर एका बाजूची सोयच नाही. समोर ट्रॅक्टर आला तर मोटारीला उडून जाता येत नाही!

थांबण्याचा हिशेबही करून टाकू. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक आणि चालकाला पाय हलवायला एक सेकंद, असं धरा. ताशी ५० वेगाला गाडी सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. १०० वेगाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून जास्त. १५० वेगाला १६५ मीटरच्या वर. वेग तिप्पट, अंतर जवळजवळ सहापट. पावसाळ्यात याहून वाईट. आणि चालक मोबाईलकडे बघत असेल तर त्या एका सेकंदाचे तीन होतात. शंभराच्या वेगाला प्रत्येक जादा सेकंद म्हणजे आणखी २८ मीटर आंधळेपणाने.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडलेले आहेत. हा आकडा कुठल्या जाहिरातीत बघितलात? ज्याच्या नावाने लोक अजून टाळ्या वाजवतात तो व्हिलनव्ह, ती शर्यत जिंकल्यावर सहा महिन्यांत, मे १९८२ मध्ये, बेल्जियममधल्या झोल्डर इथे सरावात दुसऱ्या मोटारीवर आदळून गेला. जगातल्या अव्वल चालकांपैकी एक, बंदिस्त रस्ता, समोर ना गाय ना रिक्षा. तिथे ही गत, तर आपल्या चौकातल्या विशीतल्या पोराचं काय?

दोन आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. पहिला, "काका, मजा म्हणून बघायचं हो." बघा की! इंजिन बनवणाऱ्यांच्या बुद्धीला माझाही नमस्कार आहे. पण मजेचं रूपांतर गाडी निवडण्याच्या निकषात झालं, की ती मजा राहत नाही. दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे. "ओव्हरटेक करताना त्वरण लागतं." लागतं, मान्य. पण त्यासाठी दगडासारखं पडायची गरज नाही. पुढचा रस्ता किती मोकळा दिसतो हे बघण्याची आणि दिसत नसेल तर मागे राहण्याची गरज आहे. मागे राहायला इंजिन लागत नाही, मन लागतं. ते कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

माझी मागणी साधी आहे. जिथे जिथे 'शून्य ते शंभर इतके सेकंद' छापतील, तिथे त्याच अक्षरात 'शंभर ते शून्य इतके मीटर' छापायची सक्ती करा. ओल्या रस्त्यावरचा आकडाही द्या. आणि शाळेत ऋण त्वरण शिकवताना चेंडू आणि ट्रॉलीची उदाहरणं थोडी बाजूला ठेवून मुलांना मैदानावर न्या, ८३ मीटर टेपने मोजायला लावा. एका टोकाला एक मूल उभं करा, दुसऱ्या टोकाला दुसरं. मग सांगा की तुझ्या मोटारीचा वेग शंभर असेल आणि तुला हा आत्ता दिसला, तर तू इथवर येऊन थांबशील, तेही सगळं सुरळीत असलं तर. हा धडा सूत्राने डोक्यात जाणार नाही, पायांनी जाईल.

आणि तुमच्या घरातला कोणी नवी गाडी दाखवत "शून्य ते शंभर किती सेकंदांत, ओळखा!" असं म्हणाला, तर त्याचं कौतुक जरूर करा. पेढेही खा. फक्त मग विचारा, "आणि शंभर ते शून्य किती मीटरमध्ये?" त्याला उत्तर येत नसेल, तर किल्ली थोडा वेळ तुमच्याकडेच ठेवा.